बँकॉकच्या फुटपाथवर मी नाकारलेला प्रसाद

अन्याय झाला तो कऱ्हाटीजवळच्या एका वस्तीवर राहणाऱ्या सत्तरीच्या माणसावर. गेल्या जानेवारीत, मंगळवारी, सकाळी साडेसात ते पावणेआठच्या दरम्यान, बँकॉकमधल्या एका गल्लीच्या फुटपाथवर. आणि मग त्याच दिवशी दुपारी पुन्हा एकदा, मी हॉस्टेलच्या पलंगावर पडून व्हिडिओ सगळ्यांना पाठवला तेव्हा. करणारी मी.

पत्रक असंच लिहायचं असतं. कुणावर, कधी, कुठं, कुणी केलं, हे पहिल्या चार ओळींत. परिस्थिती काय होती, मनात काय चाललं होतं, हे सगळं खाली, जागा उरली तर. इंदापुरात मी एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. बायकांसाठी मुताऱ्या हव्यात म्हणून, लग्नातल्या डीजेवर, उजनीच्या काठावर येऊन साचणाऱ्या प्लास्टिकवर, रस्त्यात पचापच थुंकणाऱ्यांवर. गावात मला 'पत्रकवाली' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. दुसऱ्याची चूक चार ओळींत मांडायला मला दहा मिनिटं लागतात. स्वतःची मांडायला तीन महिने लागले.

बँकॉकला मी एकटीच गेले होते. पाठीवर एक सॅक, जुने बूट आणि एक वही. हॉस्टेलच्या एका खोलीत आठ पलंग, आठ देशांची माणसं. पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकले. तिथं कुणीही स्वतःला टुरिस्ट म्हणवून घेत नाही. टुरिस्ट म्हणजे ते, बसमधून उतरणारे, झेंड्यामागं चालणारे. आपण ट्रॅव्हलर. आपण पायी फिरतो, गाड्यावर खातो, लोकांमध्ये मिसळतो. असं प्रत्येक जण म्हणत होता, आणि सगळ्यांच्या पायात हत्तींची चित्रं असलेली सारखीच विजार होती. मीही दुसऱ्या दिवशी तीच घेतली.

माझ्या खालच्या पलंगावर स्पेनची एक मुलगी होती. तिनं विचारलं, "तू कुठली?" मी म्हटलं, "पुणे." इंदापूर म्हटलं असतं तरी तिला काय फरक पडणार होता? तिला पुणंही माहीत नव्हतं. पण मी पुणेच म्हटलं.

रोज सकाळी आम्ही दोघी हॉस्टेलच्या पायरीवर कॉफी घेऊन बसायचो आणि समोरची गल्ली बघायचो. भगव्या वस्त्रातले भिक्षू अनवाणी चालत यायचे, हातात भांडं. बायका गुडघ्यावर बसून त्यात भात घालायच्या. मग टुरिस्ट यायचे आणि भिक्षूंच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचे. एकदा तर एक जण फोटो नीट यावा म्हणून भात वाढणाऱ्या म्हातारीला हातानं "थोडं सरका" म्हणाला. आम्ही दोघी त्याच्यावर चडफडलो. मी वहीत लिहिलं : 'माणसाला देखावा समजणारे.' वाक्य मला फार जमलं असं वाटलं. घरी गेल्यावर पत्रकात वापरायचं ठरवलं.

पायरीच्या समोर एका बाईचं कपडे धुऊन देण्याचं दुकान होतं. दुकानाबाहेर खांबावर एक छोटंसं देऊळ. तिथं घरोघरी, दुकानोदुकानी असं देऊळ असतं. आत म्हातारा-म्हातारीच्या इवल्याशा मूर्ती आणि पुढं एक स्टूल. ती बाई सकाळी ओल्या फडक्यानं देऊळ पुसायची, झेंडूची माळ बदलायची, ऊदबत्ती लावायची, आणि स्टुलावर ताटलीत केळी आणि लाल सरबताची बाटली ठेवायची. बाटलीत स्ट्रॉ घातलेली. देवाला प्यायला सोपं जावं म्हणून. पहिल्या दिवशी आम्ही त्या स्ट्रॉला हसलो होतो. ती बाई आमच्याकडं बघूनही न बघितल्यासारखं करून आत गेली होती.

त्या मंगळवारी आम्ही तिथंच बसलो होतो, आणि गल्लीच्या वळणावरून मराठी आली.

आधी आवाज, मग माणसं. वीस-पंचवीस जण. सगळ्यांच्या डोक्यावर टूरवाल्यांनी दिलेल्या केशरी टोप्या. बायकांच्या साड्यांखाली नवेकोरे बूट. मागच्या गल्लीतल्या हॉटेलातून मोठ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या बसकडं निघाले होते. बारामतीकडचे, ऊसवाले. हे सांगायला मला कुणी लागणार नव्हतं. पहिल्या वाक्यालाच कळलं.

"आगं, ह्यो बघ झेंडू! आपलाच की!"

"आपला कशाला? हितला आसंल."

"पाकळी बघ ना. कलकत्ता जातीचा हाय. पर जरा बारकाच."

"आबा, चला, गाडी सुटंल."

"सुटती व्हय? टोप्या मोजल्याबिगर ती टूरवाली पोरगी गाडी हलू देत न्हाय."

हे शेवटचं बोलले ते आबा. त्यांनी केशरी टोपी आपल्या पांढऱ्या टोपीवरच चढवली होती. एकावर एक दोन टोप्या. हसू नाही, राग नाही. लाज. इतक्या लांब येऊन हेच भेटायचं होतं का, असं वाटलं. मी विजारीवरचे हत्ती बघत बसले.

आबा देवळापाशी थांबले. बरोबरच्या एका बाईनं विचारलं, "देव हाय का ह्यो?"

"हाय की. फूल हाय, ऊदबत्ती हाय. मंग देवच."

"कंचा?"

"हितला. जागेवाला."

नंतर मी वाचलं. ती देवळं खरोखर त्या जागेच्या राखणदाराचीच असतात. माझ्या गाइडबुकात त्यावर पानभर मजकूर होता. आबांनी एका शब्दात सांगितलं होतं, आणि तेही न वाचता. पण तेव्हा मी काहीच वाचलं नव्हतं. मी फक्त फोन वर धरून त्यांचे हात बघत होते.

त्यांनी बूट काढले, बाजूला नीट जोडीनं ठेवले. केशरी टोपी काढून काखेत धरली. पांढरी तशीच ठेवली. हात जोडले, वाकले. आणि मग उजवा हात पुढं करून ताटलीतलं एक केळं उचललं, कपाळाला लावलं आणि सोलायला लागले.

इथं थांबून सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, आणि मला कळत होतं. आमच्याकडं नैवेद्य दाखवून झाला की तो देवाचा राहत नाही, सगळ्यांचा होतो. देवळात पुढं ठेवलेलं तसंच सोडून जायचं म्हणजे देवाला पाठ दाखवणं. जो पहिला उचलतो तो स्वतःसाठी उचलत नाही, वाटायला उचलतो. माझी आई कुठल्याही देवळात हेच करेल. मीही लहानपणी दुसऱ्यांच्या देवळातल्या खोबऱ्याला असाच हात घातलाय, आणि कुणी हटकलं नाही. आबांची चूक इतकीच की तिथली रीत वेगळी आहे, ताट मालकिणीचं आहे, आणि विचारायला हवं होतं. चूक होती, पण आमची होती. घरची चूक होती.

स्पेनच्या मुलीनं मला विचारलं, "हे काय करतायत ते? चोरतायत का?"

एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो. आमच्याकडच्या लोकांना अक्कल नाही." आणि फोन तसाच वर धरून ठेवला.

माझ्या फोनात ते सगळं आहे, म्हणून क्रमानं सांगू शकते. आबांनी केळ्याचे बारके तुकडे केले. बरोबरच्या बायकांच्या तळहातावर एकेक ठेवला. मग इकडं-तिकडं बघितलं, आम्ही दोघी दिसलो, तसे ते अनवाणीच गल्ली ओलांडून आमच्याकडं आले. प्रसाद वाटताना कुणाला वगळायचं नसतं. समोर दिसेल त्याला द्यायचा. त्यांनी स्पेनच्या मुलीपुढं तुकडा धरला. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली, घेतला आणि तोंडात टाकला. मी तिला चोर म्हणून सांगितलेल्या माणसाच्या हातून. तिला रीत माहीत नव्हती, पण समोरचा देतोय हे दिसत होतं.

मग माझ्यापुढं. "घे माय, देवाचं हाय."

मी इंग्रजीत म्हटलं, "नो, थँक यू."

त्यांना वाटलं मला कळलं नाही. त्यांनी वर बोट दाखवलं, मग देवळाकडं, मग माझ्या हाताकडं. "देवाचं. न्हाय म्हनू ने."

मी पुन्हा म्हटलं, "नो, थँक यू." व्हिडिओत माझा आवाज आहे. झेरॉक्सच्या दुकानात मी ज्या आवाजात बोलते, त्या आवाजाशी त्याचं काही नातं नाही. तो कुणाचा आवाज आहे मला खरंच माहीत नाही.

इतक्यात दुकानातली बाई बाहेर आली. ताटली बघितली, साली बघितल्या आणि मोठ्यानं बोलायला लागली. शब्द कळले नाहीत, राग कळला. आबा परत पलीकडं गेले आणि हात जोडून उभे राहिले. ती बोलत होती आणि बोलता बोलता तिची नजर खाली गेली. फुटपाथवर बूट जोडीनं ठेवलेले, म्हातारा अनवाणी. मग तिनं बायकांचे तळहात बघितले. थांबली. आत गेली आणि केळ्यांची अख्खी फणी घेऊन आली. त्यातली चार मोडून ताटलीत ठेवली, देवाला हात जोडले, आणि उरलेली फणी आबांच्या हातात दिली. आबांनी तिच्यापुढं मान वाकवली. तिनंही वाकवली. मग ती हसायला लागली, तोंडावर हात ठेवून, आणि बायकाही हसल्या.

"देवमाणूस बाई हाय," कुणीतरी म्हणालं. घोळका बसकडं निघून गेला.

दुपारी मी तो व्हिडिओ कापला. दोन ठिकाणी. मधून आम्हा दोघींचं बोलणं आणि आबांनी प्रसाद वाटला तो सगळा भाग काढला, कारण त्यात माझा आवाज होता. शेवटचा भाग काढला, कारण तो ठेवला असता तर लिहायला काही उरत नव्हतं. राहिलं काय? म्हातारा देवापुढचं केळं उचलतो, सोलतो. बाई ओरडते. म्हातारा हात जोडतो. संपलं. वर लिहिलं : 'परदेशात जाऊन देवापुढचं चोरून खाणारे आपले लोक. जगात मान खाली घालायला लावणाऱ्यांना लाज कधी वाटणार?' आमच्या पत्रकाच्या ग्रुपवर टाकला, फेसबुकवर टाकला. संध्याकाळपर्यंत बारामती, इंदापूर, फलटण सगळीकडं फिरला. मला झोप छान लागली.

परत आल्यावर एका गिऱ्हाइकानं दुकानात मला माझाच व्हिडिओ दाखवला. आता त्याला ढोलाचं म्युझिक होतं आणि आबांच्या डोक्यावर 'परसादचोर' अशी अक्षरं नाचत होती. "पत्रकवाली, बघितला का? आपल्या बारामतीचा हाय म्हनं." मी म्हटलं, "बघितला." माझा म्हणून सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात फेसबुकवर माझ्या पोस्टखाली एका बाईनं लिहिलं : 'हे माझे सासरे आहेत. ताई, तुम्ही तिथं होता. नंतर काय झालं ते माहीत आहे तुम्हाला. पूर्ण व्हिडिओ टाका.' मी ती कॉमेंट लपवली. तिनं पुन्हा लिहिली. पुन्हा लपवली. तिसऱ्यांदा तिनं फक्त वस्तीचं नाव लिहिलं आणि 'या' असं एक अक्षर.

जायला मला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मी दोन पत्रकं लिहिली. एक सोशल मीडियावरच्या बदनामीवर होतं. होय, खरंच. लोकांनी ते वाचून मला शाबासकी दिली.

बारामतीपर्यंत एसटीनं, पुढं वडापच्या जीपनं, आणि शेवटचं पायी. पूर्वी मेंढरं राखणारं घर, आता थोडा ऊस, थोडी गवार, दारात दोन गाई. सून बाहेर आली. माझ्याच वयाची.

"तुमीच का त्या?"

"हो. मीच."

"या. चपला तितंच काढा."

पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. बारामती तालुक्यात दारात आलेल्या माणसाला चहा विचारत नाहीत, म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

आबा ओट्यावर बसले होते. मी माफीचं वाक्य जुळवून आणलं होतं, पण त्याआधी त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं.

"तू त्या पायरीवरची का गं? ती हत्तींची इजार घातल्याली, इंग्रजीत नको म्हनल्याली?"

"हो आबा."

"आरं देवा," ते म्हणाले. "मला वाटलं तितलीच कुणीतरी हाय. मी मनात म्हनलं, हिला आपली रीत कशी कळंल? आपली आसती तर घेतलं आसतं."

ते टोमणा मारत नव्हते. हेच वाईट होतं. सून मारत होती, आणि ते सोसायला सोपं गेलं. "इंग्रजी चांगलं बोलता ताई तुमी," ती म्हणाली. "घरात कुणी बोलतं का, का तितं गेल्यावर आलं?"

मग तिनंच सांगितलं काय झालं ते. वस्तीच्या कडेला बिरोबाचं देऊळ आहे. दर रविवारी आरतीनंतर खोबरं-साखरेचं ताट आबांच्या हातात असतं. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांच्या हातात होतं. प्रसाद वाटणं हे त्या घराचं काम आहे. पगार नाही, पद नाही, पण वस्तीत या घराची ओळख तीच. व्हिडिओनंतरच्या पहिल्या रविवारी पोरं म्हणाली, "आबा, मालकाला इचारलं का आदी?" आबा हसले. दुसऱ्या रविवारी एक जण म्हणाला, "बँकॉकचा हाय का ह्यो?" आणि बँकॉक म्हटल्यावर गावात काय काय जोडतात ते वेगळं. तिसऱ्या रविवारी एका बाईनं आपल्या लेकराचा पुढं केलेला हात मागं ओढला. त्या दिवशी आबांनी ताट देवळाच्या पायरीवर ठेवलं आणि घरी आले. तेव्हापासून ते ताट पायरीवरच असतं. ज्याला हवं तो आपापलं उचलतो.

"जत्रा आली," सून म्हणाली. "भावकी म्हनती, दुसऱ्या कुणाकडं तरी ताट देऊ. ह्यांच्यावर वाद नको."

"बरोबरच हाय त्यांचं," आबा म्हणाले. "मी चुकलोच की. दुसऱ्याच्या दारचा देव, इचाराया पायजे हुतं. पर एवढं सांग मला. त्या बाईनं नंतर फणी दिली, हात जोडलं, ते कुठं गेलं? समद्यांनी बघितलंय. गाडीतल्या समद्या बाया सांगत्यात, पर फोनात न्हाय म्हनून कुणी इस्वास ठेवत न्हाय. त्ये तू काढलं न्हवतंस का?"

"काढलं होतं आबा. टाकलं नाही."

"का गं?"

मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, त्यात मी प्रसाद नको म्हणते. आबा सुनेला म्हणाले, "तिला जीप मिळायची न्हाय आता. उन्हाची कशी जाईल? बसू दे."

त्याच संध्याकाळी मी पूर्ण व्हिडिओ टाकला. माझ्या आवाजासकट, 'आमच्याकडच्या लोकांना अक्कल नाही' यासकट. जुनी पोस्ट काढली. वर लिहिलं, मी खोटं दाखवलं होतं. लोकांनी मला शिव्या दिल्या, त्या द्यायलाच हव्या होत्या. पण पुढं पाठवला फार थोड्यांनी. लांब आहे, म्युझिक नाही, आणि शेवटी सगळे हसतात. कापलेला मात्र अजून फिरतोय. परवा सणसरच्या एका माणसानं मला तो नवा म्हणून पाठवला.

पुढच्या रविवारी मी देवळात गेले आणि आरतीनंतर उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं. भाषणाची सवय आहे, आवाज कापला नाही. माझं झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, तितला परसाद तुमाला चालला न्हाय. हितला चालंल का?" माणसं हसली.

ताट पायरीवरच होतं. भावकीतले एक तात्या आबांना म्हणाले, "घ्या आता हातात. झालं ते झालं."

आबा उठले नाहीत. म्हणाले, "माझा हात द्याया तयार हाय, तात्या. पर समोरच्यानं आदी माझं त्वांड बघायचं, फोनातलं आठवायचं, आन मंग हात फुडं करायचा, तसलं वाटणं मला जमायचं न्हाय. त्ये समद्यांच्या फोनातनं जाऊ द्या. मंग बघू."

जत्रा महिन्यावर आली आहे. त्याआधी भावकी बसेल आणि ताट कुणाच्या हातात ते ठरेल. मी माझ्याकडून करायचं ते केलं असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. माझ्या फोनातला कापलेला व्हिडिओ मी पुसला, पण तो आता माझ्या फोनात नाहीच, तुमच्या फोनात आहे. पांढरी टोपी घातलेला म्हातारा, केळं, ओरडणारी बाई, ढोलाचं म्युझिक. तुम्ही त्याला हसला असाल, कारण मी तो हसण्यासाठीच कापला होता. दोष माझा. पण तो अजून तुमच्याकडं आहे, आणि एवढं वाचल्यावरही ठेवलात, तर पुढचा दोष तुमचा.

हा कागद खाली ठेवा. फोन उघडा. तो शोधा आणि पुसून टाका. मग ज्यानं तुम्हाला पाठवला त्याला फोन करा, मेसेज नको, आणि त्याच्याकडूनही पुसून घ्या. आत्ता करा.